ओ-० ला बरोबर, ओ-३ ला चूक: नव्या व्हेक्टर कोरवर कंपाइलर नेताना पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

गेली काही वर्षं माझं काम हेच आहे. एलएलव्हीएम या कंपाइलरचा रिस्क-व्ही बॅकएंड (रिस्क-व्ही प्रोसेसरांसाठी मशीन कोड काढणारा भाग) घ्यायचा आणि एखाद्या नव्या व्हेक्टर कोरसाठी, म्हणजे एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या कोरसाठी, तो बसवायचा. कोर बदलतो, बोर्ड बदलतो, टीम बदलते, पण साधारण महिनाभराने येणारा निरोप तोच असतो: "ओ-० ला उत्तर बरोबर येतं, ओ-३ ला चुकतं. व्हेक्टरायझरमध्ये बग आहे का?"

ओ-० म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद, ओ-३ म्हणजे भरपूर चालू. व्हेक्टरायझर म्हणजे साध्या लूपचं व्हेक्टर इन्स्ट्रक्शनांत रूपांतर करणारा भाग, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा निर्दोष निघतो. मशीन कसं वागतं हे बॅकएंडला सांगताना आपल्याकडून एखादी गोष्ट सांगायची राहिलेली असते. आणि ती गोष्ट जवळजवळ नेहमी व्हीएल आणि व्हीटाइप या दोन रजिस्टरांपाशी येऊन थांबते.

रिस्क-व्हीच्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शनमध्ये "किती घरं" (घर म्हणजे व्हेक्टरमधल्या एका आकड्याची जागा) आणि "प्रत्येक घर किती बिटांचं" हे लिहिलेलंच नसतं. आधी कुठेतरी व्हीसेटव्हीएलआय ही इन्स्ट्रक्शन चालून गेलेली असते, ती व्हीएलमध्ये घरांची संख्या आणि व्हीटाइपमध्ये घराची रुंदी वगैरे ठेवून जाते, त्यावर पुढच्या सगळ्या इन्स्ट्रक्शनांचा अर्थ ठरतो. इंटेलच्या एसएसई किंवा आर्मच्या निऑन इन्स्ट्रक्शनांवर हात बसलेल्या माणसाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण तिथे रुंदी इन्स्ट्रक्शनच्या नावातच असते. कल्पना मात्र जुनी आहे. १९७६ च्या क्रे-१ मध्ये ६४ घरांची आठ व्हेक्टर रजिस्टरं होती आणि त्यांच्यासाठी वेगळं लांबी-रजिस्टरही होतं. मधल्या काळात ठरावीक रुंदीच्या सिमडीची (एक इन्स्ट्रक्शन, अनेक आकडे) सवय लागली, आणि ती सवय आपण नव्या बॅकएंडमध्येही सोबत आणतो.

आधी लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तरी पुढे वाचा.

- ओ-० ला बरोबर, ओ-२ किंवा ओ-३ ला चूक. व्हेक्टरायझेशन बंद केलं की पुन्हा बरोबर.
- अ‍ॅरेची लांबी ८ किंवा १६ च्या पटीत असली की ठीक, नसली की गडबड.
- एम्युलेटरवर बरोबर, बोर्डवर चूक. किंवा एका बोर्डवर बरोबर, दुसऱ्यावर चूक.
- मध्ये एक प्रिंटएफ टाकला की बिघाड गायब.
- प्रोग्राम थेट "इल्लीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून मरतो.
- दशांश चिन्हानंतरचे शेवटचे एक-दोन अंक वेगळे येतात.
- तासन् तास बरोबर चालतं आणि मशीनवर लोड आला की एखादंच उत्तर चुकतं.

प्रिंटएफचं लक्षण फार बोलकं आहे. कुठल्याही फंक्शन कॉलनंतर व्हीएल आणि व्हीटाइप जसेच्या तसे राहतील याची हमी एबीआय (फंक्शनांनी एकमेकांना कसं बोलवायचं याचा करार) देत नाही, म्हणून कॉल झाल्यावर कंपाइलर नवी व्हीसेटव्हीएलआय टाकतो. म्हणजे प्रिंटएफने बिघाड बरा केला नाही, शिळी अवस्था नकळत ताजी केली. कधी कधी प्रिंटएफमुळे लूप व्हेक्टराइजच होत नाही, तेही बघून ठेवा.

पहिली तपासणी: प्रोग्रामच चुकीचा नाही ना? (दहा मिनिटं, खर्च शून्य)

तोच कोड तुमच्या रोजच्या लॅपटॉपवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर आणि यूबी सॅनिटायझर (मेमरीच्या आणि भाषेचे नियम मोडणाऱ्या चुका चालताना पकडणारी साधनं) लावून चालवा. मग नव्या टार्गेटवर व्हेक्टरायझेशन बंद करून ओ-३ ला चालवा.

हे आधी का? कारण व्हेक्टरायझर प्रोग्रामरच्या शब्दावर विश्वास ठेवतो. तुम्ही दोन पॉइंटरांना "रिस्ट्रिक्ट" लिहिलं, म्हणजे ते एकमेकांच्या जागेत जात नाहीत असं वचन दिलं. स्केलर, म्हणजे एका वेळी एकच आकडा घेणाऱ्या कोडमध्ये ते वचन मोडलं तरी कित्येकदा पचून जातं. एका वेळी आठ घरं उचलायला लागलं की पचत नाही. असा बग बॅकएंडमध्ये शोधत बसलात तर आठवडा जाईल आणि हाती काही लागणार नाही.

दुसरी: बोर्डवर नेमका कुठला व्हेक्टर आहे?

"रिस्क-व्ही व्हेक्टर आहे" एवढ्यावर थांबू नका. आवृत्ती १.० ला मान्यता मिळाली २०२१ साली. त्याआधी बाजारात आलेले काही कोर, उदाहरणार्थ ऑलविनर डी-१ मधला सी-९०६ किंवा टीएच-१५२० मधला सी-९१०, आवृत्ती ०.७.१ चे आहेत. दोन्हींत व्हीटाइपमधल्या बिटांची मांडणी वेगळी आहे, लोड-स्टोअरची एन्कोडिंगही वेगळी. त्यात भर म्हणजे अशा बोर्डांसोबत आलेल्या काही कर्नलमध्ये सीपीयू-माहितीच्या ओळीत नुसता "व्ही" दिसतो, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. के-२३० मधला सी-९०८ किंवा स्पेसएमआयटीचा के-१ हे १.० वाले आहेत. पहिल्यात रजिस्टर १२८ बिटांचं, दुसऱ्यात २५६ चं.

प्रोग्राम मरत असेल तर जीडीबी या डीबगरमध्ये जिथे मेला तिथली इन्स्ट्रक्शन बघा.

पहिल्याच व्हीसेटव्हीएलआयवर मेला, तर व्हेक्टर युनिट बंद आहे. लिनक्समध्ये युजर प्रोग्रामांसाठी व्हेक्टरचा आधार ६.५ पासून, म्हणजे २०२३ पासून आला. ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट हार्डवेअरवर चालवत असाल तर एमस्टेटस या रजिस्टरमधलं व्हीएस फील्ड तुमच्याच बूट कोडने चालू करायचं असतं. नव्या कोरवर पहिल्या दिवशी हे विसरलं जातंच.

व्हीसेटव्हीएलआय पार पडली आणि तिच्या पुढचीवर मेला, तर तुम्ही मागितलेली रुंदी या कोरला जमत नाही. अशा वेळी कोर व्हीटाइपमध्ये "अवैध" अशी खूण करून ठेवतो आणि पुढची व्हेक्टर इन्स्ट्रक्शन त्यावर आपटते. फक्त ३२ बिटांपर्यंतची घरं असलेल्या लहान कोरला ६४ बिटांचं घर मागितलं की हेच होतं. चुकीच्या आवृत्तीचा कोड बोर्डवर गेला तरी चित्र असंच दिसतं.

तिसरी: दशांशांचा फरक हा बग आहे का?

फास्ट-मॅथ (बेरजेचा क्रम वगैरे बदलायची कंपाइलरला मुभा देणारा पर्याय) लावलं असेल तर नाही. बेरजेचा क्रम बदलला की फ्लोटिंग पॉइंटची गोलाई बदलते. या आर्किटेक्चरमध्ये क्रम पाळणारी बेरीज आणि क्रम न पाळणारी बेरीज अशा दोन वेगळ्या इन्स्ट्रक्शन आहेत. फास्ट-मॅथ काढा. तरीही फरक राहिला तर तुमच्या पॅटर्नने (कुठल्या क्रियेला कुठली इन्स्ट्रक्शन हे सांगणाऱ्या बॅकएंडमधल्या नियमाने) साध्या बेरजेला क्रम न पाळणारी इन्स्ट्रक्शन जोडली आहे का ते बघा.

चौथी: एक हजार तीन एकांची बेरीज

ही तपासणी मी दर वेळी करतो आणि प्रत्येक नव्या माणसाला आधी हीच शिकवतो. पंधरा मिनिटं लागतात. बोर्ड लागत नाही, क्यूईएमयू हा एम्युलेटर पुरतो.

१००३ घरांचा ३२ बिटांच्या पूर्णांकांचा अ‍ॅरे घ्या. प्रत्येक घरात १ भरा. अ‍ॅरे जिथे संपतो तिथून पुढच्या काही घरांत ७००० भरून ठेवा. (अ‍ॅरे आणि ही पुढची घरं एकाच मोठ्या बफरमध्ये घ्या, म्हणजे सॅनिटायझर ओरडणार नाही.) आता पहिल्या १००३ ची बेरीज करा. रजिस्टर १२८ बिटांचं आणि एलएमयूएल (किती रजिस्टरं जोडून एक गट करायचा तो आकडा) २ धरलं तर एका फेरीत आठ घरं बसतात. म्हणजे १२५ पूर्ण फेऱ्या आणि शेवटी तीन घरं.

उत्तर काय आलं त्यावरून बिघाड कुठे आहे ते कळतं.

१००० आलं, तर शेवटची तीन घरं कुणी मोजलीच नाहीत. शेपटीचा लूप हरवला आहे.

३६००३ आलं, तर शेवटच्या फेरीतही आठच घरं वाचली गेली: १००३ अधिक पाच वेळा ७०००. जुनं व्हीएल तसंच राहिलं. शेवटच्या फेरीआधी व्हीसेटव्हीएलआय लागलीच नाही, किंवा ती लोडच्या खाली सरकली.

३७३ आलं तर नीट बघा, कारण हा सगळ्यात फसवा प्रकार आहे. १२५ फेऱ्यांनंतर जमा-रजिस्टरच्या आठही घरांत १२५ आहेत. शेवटच्या फेरीत व्हीएल ३ आहे, म्हणून पहिल्या तीन घरांत १२६ होतात. उरलेल्या पाच घरांचं काय? ती शेपटी. बॅकएंडने "शेपटी जशी आहे तशी ठेव" असं सांगितलं असेल तर तिथे १२५ राहतात आणि बेरीज १००३ येते. पण "शेपटीचं काहीही झालं तरी चालेल" असं सांगितलं असेल, तर कोरला तिथे सगळे बिट १ करून ठेवायची मुभा आहे. सगळे बिट १ म्हणजे उणे एक. तीन वेळा १२६ म्हणजे ३७८, त्यातून पाच गेले, ३७३.

इथेच "एम्युलेटरवर बरोबर, बोर्डवर चूक" याचं उत्तर आहे. ती मुभा आहे, सक्ती नाही. क्यूईएमयू एरवी शेपटीला हात लावत नाही, म्हणून तिथे बग लपून राहतो. क्यूईएमयूच्या सीपीयू पर्यायांत "आरव्हीव्ही_टीए_ऑल_१एस" आणि मास्कसाठी (मास्क म्हणजे कुठली घरं वगळायची त्याच्या खुणा) "आरव्हीव्ही_एमए_ऑल_१एस" चालू करा. हे दोन्ही चालू न करता घेतलेल्या चाचणीवर मी भरवसा ठेवत नाही.

१००१ आलं तर? स्पेसिफिकेशनमधला एक बारीक नियम बघा. उरलेली घरं एका फेरीत मावण्यापेक्षा जास्त पण दुपटीपेक्षा कमी असतील, तर कोर ती दोन फेऱ्यांत जवळपास सारखी वाटू शकतो. आपल्या उदाहरणात १२४ फेऱ्यांनंतर ११ घरं उरतात. कोर ८ आणि ३ करेल, किंवा ६ आणि ५ करेल. दोन्ही कायदेशीर आहे. तुमच्या लूपने व्हीसेटव्हीएलआयने परत दिलेला आकडा न बघता पॉइंटर ८ ने पुढे ढकलला, तर दोन घरं मधल्या मध्ये सुटतात. नव्या क्यूईएमयूत हे वागणं जाणूनबुजून चालू करायची सोय आहे. पर्यायाचं नाव "आरव्हीव्ही_व्हीएल_हाफ_एव्हीएल".

मग हेच सगळं रजिस्टरची रुंदी १२८, २५६, ५१२, १०२४ करून पुन्हा चालवा. आकडेमोड बदलेल, पण बरोबर उत्तर दर वेळी १००३ च आलं पाहिजे. एकाच रुंदीला बरोबर येत असेल तर कुठेतरी कुणीतरी रुंदी हाताने लिहून ठेवली आहे.

पाचवी: डिसअसेंब्ली वाचा

ऑब्जडंपने बायनरीतल्या इन्स्ट्रक्शन वाचता येतील अशा काढा आणि फक्त आतला लूप घ्या. कागद-पेन घेऊन बसा, खरंच. प्रत्येक व्हेक्टर इन्स्ट्रक्शनसमोर तिला कुठली व्हीसेटव्हीएलआय लागू आहे ते लिहा: रुंदी, एलएमयूएल, शेपटीचं धोरण. लूपच्या सुरुवातीला दोन वाटांनी येता येतं, वरून आणि लूपच्या शेवटाकडून. दोन्ही वाटांनी लिहा. मला या कागदावर जितके बग सापडलेत तितके कुठल्याही डीबगरमध्ये सापडलेले नाहीत.

एक प्रसंग सांगतो. एका कोरला आठ बिटांच्या पूर्णांकांसाठी गुणाकार-बेरजेची स्वतःची खास इन्स्ट्रक्शन होती. ती बॅकएंडमध्ये घातली, लहान चाचण्या पास झाल्या, सगळे खूश. पूर्ण प्रोग्राममध्ये मात्र उत्तर चुकायचं, तेही एका विशिष्ट फंक्शनमध्येच. डिसअसेंब्ली कागदावर उतरवली तेव्हा दिसलं की आमची इन्स्ट्रक्शन "ई८" (आठ बिटांचं घर) च्या खाली चालतेय, तिला हवं होतं "ई३२". तिच्यासाठी व्हीसेटव्हीएलआय पडलेलीच नव्हती. लहान चाचणीत तिच्या आधी योगायोगाने ३२ बिटांचाच लोड होता, म्हणून ती पास झाली. मोठ्या फंक्शनमध्ये शेड्यूलरने (इन्स्ट्रक्शनांचा क्रम लावणाऱ्या भागाने) आठ बिटांचा लोड तिच्या आधी आणून ठेवला.

कारण असं होतं: एलएलव्हीएममध्ये व्हेक्टर इन्स्ट्रक्शन आधी स्यूडो (तात्पुरत्या, कंपाइलरच्या आतल्या) रूपात निवडल्या जातात. त्या स्यूडोसोबत व्हीएल, रुंदी आणि धोरण हे ऑपरंड असतात. पुढे व्हीसेटव्हीएलआय घालणारा पास (कंपाइलरचा एक टप्पा) ते ऑपरंड वाचून ठरवतो की कुठे काय टाकायचं. आम्ही स्यूडो न करता पॅटर्नमधून थेट खरी इन्स्ट्रक्शन निवडली होती. पासच्या दृष्टीने तिला कशाचीच गरज नव्हती.

सहावी: व्हेरिफायर आणि बायसेक्ट

एलएलसीला (एलएलव्हीएमचा बॅकएंड चालवणाऱ्या प्रोग्रामला) "व्हेरिफाय-मशीनइन्स्टर्स" लावून चालवा. फुकट आहे, लगेच कळतं. चुकीचा रजिस्टर क्लास, न भरलेलं रजिस्टर वापरणं असल्या चुका तो पकडतो. पण तुम्ही वर्णनातच जी गोष्ट लिहिली नाही ती त्याला कळायला मार्ग नाही.

मग "ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट" (कितव्या पासपर्यंत चालू द्यायचं तो आकडा) घेऊन मधोमध कापत जा. एका आकड्याला उत्तर बरोबर, पुढच्याला चूक. मधला पास सापडतो. इथे घाई करू नका. सापडलेला पास गुन्हेगार असतोच असं नाही. वरच्या प्रसंगात बायसेक्टने शेड्यूलरकडे बोट दाखवलं असतं, आणि शेड्यूलरने आपलं काम चोख केलं होतं. बॅकएंडला आवश्यक असलेले पास बायसेक्ट वगळतच नाही, हेही ध्यानात असू द्या. व्हीसेटव्हीएलआय घालणारा पास त्यातलाच एक.

सातवी: टेबलजेनमधलं वर्णन

आता खरं अवघड काम. तुम्ही घातलेल्या प्रत्येक नव्या इन्स्ट्रक्शनची टीडी फाइलमधली (टेबलजेन या एलएलव्हीएमच्या वर्णनभाषेतली) नोंद स्पेसिफिकेशनशेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघा.

ती मेमरी वाचते का, लिहिते का? "वाचते" हे लिहायचं राहिलं तर कंपाइलर तिला स्टोअरच्या पलीकडे नेईल. उलट बाजूने, काहीच नसताना साइड-इफेक्ट आहे असं लिहिलं तर उत्तर बरोबर येईल पण शेड्यूलर तिला हात लावणार नाही, आणि मग "वेग का वाढत नाही" ही तक्रार येईल.

ती व्हीएल आणि व्हीटाइपशिवाय आणखी कुठली लपलेली अवस्था वाचते का? गोलाईचं रजिस्टर? सॅच्युरेशनची खूण? तेही लिहावं लागतं.

जिथे उत्तर जाणार ते रजिस्टर आणि इनपुटचं रजिस्टर एकच चालतं का? व्हीआरगॅदर आणि व्हीस्लाइडअप या घरांची जागा बदलणाऱ्या इन्स्ट्रक्शनांना चालत नाही. रुंदी वाढवणाऱ्या इन्स्ट्रक्शनांना काही मोजक्या जोड्या सोडल्या तर चालत नाही. मास्क लावलेल्या बहुतेक इन्स्ट्रक्शनांचं उत्तर व्ही० मध्ये जाऊ शकत नाही, कारण मास्क तिथेच असतो. हे "अर्लीक्लॉबर"ने किंवा योग्य रजिस्टर क्लासने सांगितलं नाही, तर रजिस्टर वाटणारा पास कधीतरी नेमकी निषिद्ध जोडी देतोच. रजिस्टरं मोकळी असताना वर्षभर काही होत नाही, फंक्शन मोठं झालं की होतं.

शेपटी जपायची असेल तिथे जुनं मूल्य "पासथ्रू" ऑपरंड म्हणून उत्तराशी बांधलेलं हवं. ३७३ चं मूळ बहुतेकदा इथे असतं.

आठवी: स्टॅक

एलएमयूएल ८ ला ३२ रजिस्टरांचे फक्त चार गट होतात, आणि मास्क वापरला की व्ही० चा गट जवळपास गेलाच. साहजिकच रजिस्टरं स्टॅकवर सांडतात. त्यांना किती जागा लागेल हे कंपाइल करताना माहीत नसतं. चालताना व्हीएलईएनबी (व्हेक्टर रजिस्टर किती बाइटांचं ते सांगणारं रजिस्टर) वाचून काढायचं असतं. इथे कुणी १६ बाइट असं लिहून ठेवलं असेल तर १२८ बिटांच्या कोरवर सगळं सुरळीत चालतं आणि २५६ च्या कोरवर शेजारचा रिटर्न अ‍ॅड्रेस पुसला जातो. फंक्शनमधून परत येताना क्रॅश होत असेल तर आधी इथे या.

कुठे थांबायचं

मशीन वर्णनाची सवय नसेल तर सातव्या तपासणीपाशीच थांबा आणि बॅकएंडवर रोज काम करणारा माणूस बोलवा. टीडी फाइलमध्ये अंदाजाने केलेला बदल एक चाचणी पास करतो आणि तीन नवे बग पेरतो. आपल्याकडे ही माणसं आहेत. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी घेतलेल्या जीसीसी या कंपाइलरच्या कार्यशाळांमुळे मशीन वर्णन म्हणजे काय हे आपल्याकडच्या अनेकांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं. विचारायला संकोच करू नका.

तीच बायनरी, तेच इनपुट, एकच थ्रेड, आणि तरीही उत्तर दर वेळी वेगळं? मग कंपाइलर सोडा. प्रोसेस एका कोरला बांधून चालवा. बिघाड गेला किंवा कमी झाला तर कर्नल व्हेक्टर रजिस्टरं नीट जपतोय का हे कर्नलवाल्याने बघायचं आहे. बांधूनही राहिला आणि स्पाइक सिम्युलेटरवर मात्र उत्तर कायम बरोबर, तर हार्डवेअर टीमला बोलवा. नवी चिप असेल तर हे घडतं. बॅकएंडमध्ये नॉप (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन) टाकून झाकू नका, निदान त्यांना सांगितल्याशिवाय नाही.

कुठली व्हेक्टर रजिस्टरं फंक्शनने जपायची हे स्वतः ठरवू नका. नेहमीच्या एबीआयत एकही जपली जात नाही. ते बदलणं म्हणजे लायब्ररी आणि डीबगर या दोघांशीही करार बदलणं.

दोष एलएलव्हीएमच्या सामायिक भागात दिसत असेल तर आपल्या प्रतीत ठिगळ लावून पुढे जाऊ नका. एलएलव्हीएम-रिड्यूसने उदाहरण लहान करा आणि मूळ प्रकल्पाकडे पाठवा.

आणि हा कोड गाडीच्या ब्रेकमध्ये किंवा रुग्णाला लावलेल्या यंत्रात जाणार असेल, तर पहिल्या लक्षणालाच व्हेक्टरायझेशन बंद करा. हळू चालू द्या. कारण सापडून, दुसऱ्या माणसाने तपासून होईपर्यंत ते चालू करू नका.

ज्याला बोलवाल त्याच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका: लहान केलेली आयआर (प्रोग्रामचं कंपाइलरमधलं मधलं रूप) फाइल, कंपाइलरची नेमकी कमिट, पूर्ण आदेश-ओळ, कोरची आवृत्ती आणि रजिस्टरची रुंदी, तो खुणा केलेला डिसअसेंब्लीचा कागद, आणि बेरीज १०००, ३६००३, ३७३ की १००१ आली, ते.